घोडा पडला, तर कोणाचा?

विमा हा शब्द आज कोणत्याहि सुशिक्षित घरांत परका राहिलेला नाहीं. आयुष्याचा विमा, आगीचा विमा, मोटारीचा विमा यांचीं बोलणीं जेवतांनासुद्धां निघतात. घोड्याच्या विम्याची गोष्ट मात्र सहसा निघत नाहीं. कारण शहरांतील घरांच्या दारापुढून घोडा नाहींसा झाल्यास आतां बराच काळ लोटला आहे. तरीहि आजच्या भाषणासाठीं मीं तोच विषय घेतला आहे, आणि त्यास कारण आहे. मोठ्या मोलाची, आणि तरीहि एका ठेंचेनें अथवा एका रात्रीच्या पोटशूळानें नाहींशी होणारी अशी जी मालमत्ता मनुष्यानें शतकानुशतकें बाळगली, ती म्हणजे घोडा. ही मालमत्ता बुडाली तर तोटा कोणीं सोसावा, या प्रश्नाशीं आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासाचा फार निकटचा संबंध आलेला आहे. ज्याला आज आपल्या घोड्याकरितां विमा कंपनी निवडावयाची आहे, तो साधारणतः प्रथम हप्ता किती हें विचारतो. तो प्रश्न पहिला नव्हे, हें या इतिहासावरून दिसून येईल.

प्रथम मराठी फौजेकडे पाहूं. आपल्या घोडदळांत स्वारांचे मुख्य वर्ग दोन. ज्याला घोडा सरकारी पागेंतून मिळे तो बारगीर. जो स्वतःचा घोडा आणि स्वतःचीं हत्यारें घेऊन चाकरीस येई तो शिलेदार. शिलेदार हा शब्द 'सिलाह' म्हणजे शस्त्र या अरबी शब्दापासून फारसीच्या वाटेनें मराठींत आला. कृष्णाजी अनंत सभासदानें शिवछत्रपतींच्या पागेची रचना वर्णन केली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि त्या पंचवीस घोड्यांमागें एक पखालजी व एक नालबंद, अशी ती नेटकी व्यवस्था होती. शिलेदारांचीं पथकें या पागेच्या जोडीला असत.

लढाईंत घोडा पडला म्हणजे या दोघांची गति सर्वस्वी निराळी होई. बारगिराचा घोडा पडला, तर तो सरकारचा पडला. स्वारास दुसरा घोडा मिळण्याची वाट पाहणें एवढेंच उरे. शिलेदाराचा घोडा पडला, तर त्याची पुंजी, त्याची चाकरी आणि गांवांतील त्याची पत हीं एकाच क्षणीं धुळीस मिळत. भरपाई मिळालीच, तर ती करारांत जसें लिहिलें असेल अथवा धन्याच्या मनांत जसें येईल तशी. आजच्या भाषेंत बोलावयाचें, तर बारगिराच्या घोड्याची सगळी जोखीम सरकारवर होती आणि शिलेदाराच्या घोड्याची बहुतेक सगळी जोखीम शिलेदारावर होती. या दोन्ही व्यवस्थांतून दोन निरनिराळे दोष उत्पन्न झाले, आणि विम्याचें सारें शास्त्र या दोन दोषांच्या मधून वाट काढण्यांत आहे.

पहिला दोष निगेचा. घोडे सरकारचे असले म्हणजे त्यांची निगा कशी ढिली पडूं शकते, याची साक्ष खुद्द शिवाजी महाराजांच्या एका प्रसिद्ध पत्रांत आहे. चिपळूणच्या मुलुखांत छावणीस असलेल्या पागेच्या जुमलेदार, हवालदार व कारकून यांस तें १६७३-७४ च्या सुमारास लिहिलेलें आहे. पावसाळ्यासाठीं सांठविलेला दाणा व वैरण आतांच मन मानेल तशी उडविलीत, तर ऐन पावसाळ्यांत कांहीं मिळणार नाहीं, घोडे उपाशीं मरतील, आणि ते तुम्हींच मारल्यासारखें होईल, असा त्याचा आशय. पुढें महाराज आगीचीहि सूचना देतात. रात्रीं दिवा जळत ठेवूं नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवतास आग लागेल, इतक्या बारकाव्यांत ते शिरतात. राज्याभिषेकाच्या आगेमागें, अनेक मोठे उद्योग हातीं असतां, एका राजानें उंदराच्या तोंडांतील वातीविषयीं लिहावें हें आपल्याला नवल वाटतें. परंतु त्यांत नवल नाहीं. ज्यांच्या हातीं निगा होती त्यांच्या पदरीं तोटा येणार नव्हता, आणि ज्याच्या पदरीं तोटा येणार होता तो छावणीपासून दूर होता. हें अंतर पत्रानें, दराऱ्यानें आणि शिस्तीनें भरून काढावें लागे.

दुसरा दोष याच्या अगदीं उलट. शिलेदार आपल्या घोड्याची निगा पोटच्या पोरासारखी करी. खरारा, चंदी, नाल यांत त्याच्याकडून कसूर होत नसे. पण लढाईच्या ऐन घाईंत तोच जिव्हाळा आडवा येई. अठराव्या शतकांतील इंग्रज लेखकांनीं हिंदी घोडदळाविषयीं लिहितांना हें वारंवार नमूद केलें आहे कीं, स्वाराचा घोडा स्वतःचा असल्यामुळें आणि तो मेल्यास स्वार कायमचा बुडत असल्यामुळें तोफांच्या माऱ्यापुढें घोडा घालण्यास तो कचरतो. हा भित्रेपणा म्हणतां येणार नाहीं. स्वतःच्या जिवावर उदार झालेला मनुष्यहि बायकामुलांच्या भाकरीवर उदार होतांना थबकतो. जी मालमत्ता गमावल्यास आपण बुडूं, ती धोक्यांत घालवत नाहीं. आणि जी गमावल्यास आपलें कांहींच जात नाहीं, ती जपवत नाहीं. मनुष्यस्वभावाच्या या दोन्ही बाजू एकाच फौजेंत शेजारीं शेजारीं नांदत होत्या.

मग प्रश्न येतो कीं, त्या काळीं आपल्याकडे विमा ठाऊक नव्हता काय? चांगलाच ठाऊक होता. सर जॉन माल्कम यानें १८२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या मध्य हिंदुस्थानावरील आपल्या ग्रंथांत माळव्यांतील सावकारांच्या विम्याच्या धंद्याची नोंद केली आहे. एका शहराहून दुसऱ्या शहरास जाणाऱ्या मालाची जोखीम सावकार ठराविक दरानें पत्करीत. वाट जितकी धोक्याची तितका दर अधिक, हें तत्त्व त्यांस कोणीं शिकवावें लागलें नाहीं. मग हाच धंदा स्वाराच्या घोड्याकडे कां वळला नाहीं? माझ्या मतें याचें कारण असें कीं, मालाची गांठोडी बांधून शिक्का मारतां येतो. ती मध्येंच म्हातारी होत नाहीं, लंगडत नाहीं आणि आपल्या मालकास पाठीवर घेऊन शत्रूवर चाल करीत नाहीं. घोडा मेला असें सांगत आलेल्या मनुष्याचा घोडा खरोखर मेला कीं विकला गेला, रोगानें मेला कीं उपाशीं ठेवल्यानें मेला, हें दूर पेढीवर बसलेल्या सावकारानें कसें ओळखावें?

ही ओळखीची अडचण राजसत्तांना फार पूर्वींपासून जाणवली होती. दिल्लीच्या अल्लाउद्दीन खिलजीनें घोड्यांना डाग देण्याची आणि स्वारांचें वर्णन लिहून ठेवण्याची रीत घातली. अकबरानें १५७४ च्या सुमारास डागाची पद्धति पुन्हां सुरू केली. हेतु हा कीं, हजेरीच्या दिवशीं चांगला घोडा दाखवून नंतर त्याजागीं हलकें तट्टू उभें करण्याची सोय राहूं नये. अकबराच्या खास अहदी स्वारांपैकीं कोणाचा घोडा मेला, तर त्या मृत्यूचाहि दाखला लिहिला जाई. डाग, चेहरा आणि दाखला हीं तीन साधनें पगार चुकविण्यासाठीं निघालीं. परंतु घोड्याचा विमा करावयाचा तर याच तीन पायऱ्या प्रथम चढाव्या लागतात. घोडा कोणता, तो कसा होता, आणि तो खरोखर मेला काय, हीं तीन उत्तरें नसतील तर कोणताहि विमा उभा राहत नाहीं. आजहि गुरांच्या विम्यांत कानांतील बिल्ल्यावांचून दावा मान्य होत नाहीं. डागाचें काम आतां बिल्ला करतो, एवढाच फरक.

आतां आपण त्या प्रयोगाकडे येऊं, ज्यांत शिलेदारी आणि विमा हे एकत्र आले. इंग्रजांनीं हिंदुस्थानांत घोडदळ उभारतांना शिलेदारी पद्धति उचलली, आणि तिचें नांवहि तेंच ठेवलें. शिंद्यांच्या फौजेंतून बाहेर पडलेल्या जेम्स स्किनरनें १८०३ सालीं उभारलेला रिसाला या पद्धतीचा होता. १८१७ च्या पुण्याच्या तहाप्रमाणें दुसऱ्या बाजीरावाच्या खर्चानें जें घोडदळ उभें राहिलें, त्यांतूनच पुढें पूना हॉर्स हा नामांकित रिसाला निघाला. १८५७ नंतर ही पद्धति बंगाल व मुंबई इलाख्यांच्या घोडदळांत सार्वत्रिक झाली, आणि १९१४ सालीं पाहूं जातां मद्रासकडील तीन रिसाले सोडले तर हिंदी घोडदळांत शिलेदारी पद्धतीच चालू होती.

तिची रचना अशी. भरती होणारा तरुण कांहीं रक्कम भरून रिसाल्यांत एक जागा घेई. तिला 'असामी' म्हणत. या रकमेंत घोडा, खोगीर आणि इतर सामान यांचें मोल येई. बंदूक व दारूगोळा सरकार देई. बाकी सर्व स्वाराचें. महिना तीस-पस्तीस रुपयांच्या घरांतील पगारांत त्यानें स्वतः जेवावें आणि घोड्यासहि खाऊं घालावें. दोन स्वारांत मिळून एक तट्टू आणि गवत आणणारा एक नोकर असे. चाकरी सोडतांना त्यास असामीची रक्कम परत मिळे. थोडक्यांत, सहाशें स्वारांचा एक रिसाला म्हणजे सहाशें भागीदारांची एक मंडळीच म्हणावी.

आतां या मंडळींत एखाद्याचा घोडा मेला तर? यासाठीं रिसाल्यारिसाल्यांतून एक फंड असे. त्याला चंदा म्हणत. दर महिन्यास प्रत्येक स्वाराच्या पगारांतून ठराविक वर्गणी कापून या चंद्यांत जमा होई. घोडा मेला कीं चौकशी होई. स्वाराचा दोष नसेल, तर नव्या घोड्याचें मोल चंद्यांतून भागविलें जाई. दोष त्याचा असेल, तर भार त्याच्यावर पडे. विम्याच्या पाठ्यपुस्तकांत परस्पर विमा म्हणून जो प्रकार सांगतात, तो हा होय. यांत नफा खाणारा तिसरा कोणी नाहीं. विमा घेणारे तेच आणि देणारेहि तेच.

याचें गणित साधें आहे. समजा, सहाशें घोड्यांपैकीं एका वर्षांत तीस मरतात आणि घोड्याची किंमत दोनशें रुपये आहे. तोटा सहा हजारांचा झाला. तो सहाशें जणांत वांटला तर माणशीं दहा रुपये, म्हणजे महिन्यास तेरा आणे चार पै. ज्या आपत्तीनें एक मनुष्य उद्ध्वस्त झाला असता, ती सहाशें जणांत वांटल्यावर माणशीं रुपयाच्या आंतली बाब झाली. हे आंकडे केवळ उदाहरणासाठीं घेतले आहेत. परंतु चंद्याचें सामर्थ्य यांतच आहे.

शिवाय मघांशीं सांगितलेल्या दोन्ही दोषांवर या व्यवस्थेनें उतारा काढला. घोडा मेला तर आपण बुडत नाहीं हें ठाऊक असल्यामुळें स्वार घोडा पुढें घालूं शके. आणि निष्काळजीपणाचा तोटा आपल्याच पदरीं येईल हें ठाऊक असल्यामुळें तो निगाहि राखी. याहून मोठी गोष्ट अशी कीं, शेजाऱ्याच्या थानावरील घोडा निष्कारण मेला तर आपल्या वर्गणीचेहि कांहीं आणे जाणार, म्हणून प्रत्येक स्वार दुसऱ्याच्या घोड्याचा पहारेकरी झाला. माळव्याच्या सावकारास पेढीवरून जें दिसलें नसतें, तें एकाच ओळींत घोडे बांधणाऱ्या मंडळींस न विचारतां दिसे. लहान आणि आपसांत ओळख असलेल्या मंडळीच्या विम्याचा हा गुण आजच्या मोठ्यांत मोठ्या कंपनीलाहि सहज साधत नाहीं.

परंतु याच गुणाच्या पोटीं त्याचा मोठा दोष दडलेला होता. सहाशें घोडे एकाच ओळींत बांधलेले होते. ते एकच गवत खात, एकच पाणी पीत आणि एकाच मोहिमेवर निघत. घोडे एकेकटे मरत होते तोंवर चंदा पुरा पडे. ते एकदम मरूं लागले म्हणजे काय? १८८० सालीं ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्यानें वायव्य सरहद्दीवर डेरा इस्माईल खान येथें घोड्यांच्या व उंटांच्या रक्तांत 'सर्रा' या घातक रोगाचे जंतु दाखवून दिले. हा रोग चावणाऱ्या माश्या एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेतात. १८८९ सालीं पुण्यांत सरकारी जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा निघाली, तेव्हां तिचा प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड यानें या रोगाचा अभ्यास चालविला. त्यावरून घोड्यांच्या या शत्रूची त्या काळीं किती धास्ती होती हें कळतें. अशी सांथ शिरली म्हणजे माशी एक थान सोडून दुसऱ्यावर बसते. सहाशें वर्गणीदारांपैकीं कोणाचें थान ती सोडील हें सांगतां येत नाहीं. मघांच्या उदाहरणांत तीसाऐवजीं तीनशें घोडे मेले, तर माणशीं बोजा शंभर रुपयांवर जातो, म्हणजे महिन्यास आठ रुपये पांच आणे चार पै. तीस-पस्तीस रुपयांत स्वतः जेवून घोड्याला जेवूं घालणाऱ्या स्वारानें ते कोठून द्यावे? ज्यांच्याकडे मदतीस धांवावयाचें, ते सर्वच त्या दिवशीं मदत मागणारे असतात. १७६० च्या अखेरीस पानिपतच्या कोंडींत आपल्या फौजेनें हेंच अनुभवलें होतें. दाणावैरण तुटून घोडे उपासानें मेले ते एकाचे नव्हे, सर्वांचेच. शेजाऱ्याजवळ उसना मागावा असा घोडाच शेजाऱ्याजवळ उरला नव्हता.

शिलेदारी पद्धतीची खरी कसोटी १९१४ सालीं लागली. त्या वर्षीं ऑक्टोबरांत सिकंदराबादच्या घोडदळाच्या ब्रिगेडबरोबर पूना हॉर्स आणि डेक्कन हॉर्स हे रिसाले फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरले. शांततेच्या काळीं, आपल्या छावणीच्या आसपास, ओळखीच्या व्यापाऱ्यांकडून घोडे घेऊन भर घालण्यासाठीं जी व्यवस्था रचलेली होती, ती हजारों मैलांवरच्या अखंड युद्धांत चालणें शक्यच नव्हतें. एकेका रिसाल्यानें आपले घोडे आपण पुरविणें अशक्य झालें. ते सरकारालाच पुरवावे लागले. शंभर वर्षें चाललेली पद्धति त्या ताणाखालीं मोडली, आणि महायुद्धानंतर १९२१ च्या सुमारास घोडदळाची पुनर्रचना झाली तेव्हां ती बंद करण्यांत आली. तिच्याबरोबर चंदाहि गेला. घोड्याची जोखीम फिरून सरकारच्या माथीं आली, म्हणजे शिलेदार फिरून बारगीर झाला.

चंद्याचा हा शेवट म्हणजे त्याच्या कल्पनेचा पराभव नव्हे. विम्याची कल्पना बरोबरच होती. तिचें वर्तुळ मात्र अपुरें होतें. हें वर्तुळ कसें मोठें करावें, याचें उत्तर व्यापारी विम्यानें शोधलें. लंडनच्या लॉइड्स या प्रसिद्ध विमा बाजारांत शर्यतीच्या मौल्यवान घोड्यांचा विमा होतो. तेथें एकाच घोड्याची जोखीम एकजण घेत नाहीं. अनेकजण तिचे लहान लहान वांटे उचलतात. शिवाय ज्यांनीं घोड्याचा वांटा उचलला, त्यांनींच कोठल्या जहाजाचा व कोठल्या कारखान्याचाहि उचललेला असतो. घोड्यांत रोग पसरला म्हणून जहाजें बुडत नाहींत. आपल्या देशांतहि विमा कंपन्या आपल्या जोखमीचा कांहीं भाग दुसऱ्या मोठ्या संस्थांकडे सोंपवितात. त्यास पुनर्विमा म्हणतात, आणि मुंबईंत मुख्य कचेरी असलेलें भारतीय साधारण विमा निगम हें काम करतें. विम्याचाच विमा असें त्याचें वर्णन करावें. चंद्याला हाच आधार नव्हता.

हा आधार केवळ शोभेचा नाहीं, हें आपल्या हयातींतील कांहीं श्रोत्यांच्या आठवणींतूनहि निघेल. १९५९ ते १९६१ या वर्षांत आफ्रिकेंतील 'हॉर्स सिकनेस' नांवाची घोड्यांची सांथ पश्चिम आशियांतून पाकिस्तानांत व हिंदुस्थानांत शिरली. चिलटांसारख्या बारीक माश्यांनीं ती पसरविली. त्या सांथींत तीन लाखांहून अधिक घोडे, खेंचरें व गाढवें दगावलीं. एकाच तालुक्यांतील अथवा एकाच पागेंतील घोड्यांवर उभा असलेला कोणताहि फंड अशा वावटळींत टिकला नसता.

आतां दुसऱ्या बाजूचें एक उदाहरण देतों. वर्तुळ कितीहि मोठें असलें, तरी कराराचीं कलमें न वाचतां त्यावर विसंबणें किती धोक्याचें, हें त्यावरून कळेल. आगाखानांचा शेरगर नांवाचा घोडा १९८१ सालची इंग्लंडची डर्बी शर्यत दहा लांबींनीं जिंकला. पुढें पैदाशीसाठीं त्याचे चाळीस भाग पाडण्यांत आले, व त्यांपैकीं बहुतेक भागीदारांस विकले गेले. ८ फेब्रुवारी १९८३ च्या रात्रीं आयर्लंडांतील बॅलिमॅनी येथील पागेंतून शस्त्रधारी लोकांनीं तो पळवून नेला. तो पुन्हां कोणाच्याहि दृष्टीस पडला नाहीं. कांहीं भागीदारांच्या विम्यांत चोरीचें कलम होतें, त्यांस भरपाई मिळाली. कांहींचा विमा केवळ मृत्यूचा होता. त्यांस असें ऐकावें लागलें कीं, घोडा चोरीस गेला हें खरें, परंतु तो मेला याचा पुरावा कोठें आहे? अकबराच्या अहदी स्वारास जो दाखला हवा असे, तोच दाखला चारशें वर्षांनंतर या श्रीमंत भागीदारांपाशीं नव्हता.

श्रोतेहो, आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. आज घोडा पाळणारे लोक आपल्यांत अगदींच विरळ नाहींत. कोणाचा मुलगा रायडिंग क्लबांत रपेट शिकतो आणि त्याच्यासाठीं घरच्यांनीं घोडा घेतलेला असतो. कोणाचा शर्यतीच्या घोड्यांत भाग असतो. परंतु मला सर्वांत अधिक आठवण होते ती माथेरानच्या घोडेवाल्यांची. मोटारींस बंदी असलेल्या त्या डोंगरावर प्रवाशांस पाठीवर घेऊन लाल मातींतून चालणारा घोडा हाच कित्येक कुटुंबांचा आधार आहे. त्या अर्थानें तो घोडेवाला आजचा शिलेदार होय. त्याचा घोडा दरींत कोसळला अथवा पोटशूळानें गेला, तर त्या दिवसापासून त्याची चूल मंदावते. सरकारी पशुविमा योजनांत आतां घोडे, तट्टें, खेंचरें व गाढवें यांचाहि समावेश केलेला आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु योजना असणें निराळें आणि तिची कलमें समजून ती घेणें निराळें.

अशा मनुष्यानें, किंवा त्याच्यासाठीं कागद वाचून दाखविणाऱ्या कोणा शिकलेल्या शेजाऱ्यानें, या इतिहासावरून चार गोष्टी कंपनीस विचाराव्या. माझा घोडा आपण कशावरून ओळखणार, आणि तो गेला तर मीं कोणता दाखला किती वेळांत आणावा, हें आधीं स्पष्ट करून घ्यावें. पशुवैद्याचा दाखला मिळण्यापूर्वीं घाईनें घोडा पुरून टाकणाऱ्यांचे दावे फसण्याचा संभव असतो. मग विमा केवळ मृत्यूचा आहे कीं चोरीचाहि, आणि घोडा जिवंत राहून कायमचा लंगडा झाला तर कांहीं मिळणार काय, हें विचारावें. स्वारीच्या घोड्याचा पाय गेला म्हणजे मालकाच्या दृष्टीनें तो जिवंत असूनहि गेलेलाच असतो, आणि केवळ मृत्यूचा विमा तेथें उपयोगी पडत नाहीं. तिसरी गोष्ट, निष्काळजीपणा कशास म्हणावयाचें आणि तो ठरविणार कोण? चंद्याच्या चौकशींत स्वारास ओळखणारे लोक बसत. येथें न ओळखणारा मनुष्य येणार, म्हणून लसीचे, नालाचे आणि औषधपाण्याचे कागद आपणच जपून ठेवावे. आणि चौथी गोष्ट ही कीं, या कंपनीच्या पाठीशीं कोण आहे, तिची जोखीम किती ठिकाणीं वांटलेली आहे. ज्या वर्षीं एकच घोडा मरतो त्या वर्षीं कोणतीहि कंपनी पैसे देऊं शकते; ज्या वर्षीं डोंगरावरचे निम्मे घोडे मरतील त्या वर्षीं ती उभी राहील काय, हें पाहावयाचें.

या चारहि गोष्टींचीं उत्तरें मनाजोगीं मिळालीं, म्हणजे मग हप्ता किती तें खुशाल विचारावें, आणि दोन कंपन्यांत तुलना करून चार पैसे वांचवावे. शिलेदाराला असा कोणी विचारावयास मिळालाच नाहीं. चंद्याच्या स्वाराला मिळाला, पण तो त्याच्याइतकाच दुबळा निघाला. आपल्याला निवड करण्याची सोय आहे. ती करतांना घोडा पडला तर तो कोणाचा पडणार, एवढें आधीं ठरवून घ्यावें.